बंपरला खोबरेल

माणसाने स्वतःचा अपमान गिळावा, वेळ आली तर बापजाद्यांचाही गिळावा, पण गाडीच्या बंपरचा गिळू नये! नंदू परबांनी हा सिद्धांत मरोळच्या आपल्या सोसायटीच्या आवारात असा गरजून मांडला की पाण्याच्या टाकीवरची कबुतरं उडाली.

"आधी उठून दाखवा," तळमजल्याच्या खिडकीतून त्यांची बायको जानकी म्हणाली. "गुडघा धरलाय ना? हात देऊ?"

"नको!" म्हणून नंदू गाडीपुढे उकिडवेच राहिले, कारण उठता येत नव्हतं.

संताप वर्षभराचा होता. गेल्या वर्षी गणपतीहून परतल्यावर धाकट्या भावाने, राजेशने, गाडीतून उतरून बंपरवर बोट फिरवलं होतं. उन्हाने काळं प्लास्टिक पांढुरकं पडलेलं. "दादा, गाडयेक भस्म फासलंस काय रे?" एवढं बोलून तो बोरिवलीला चालता झाला. आणि यंदा निघायचा दिवस उजाडला तरी फोनवर म्हणतो, "बघतंय. नायतर एसटी आसाच."

वडील गेल्यापासून दोघे भाऊ एकाच गाडीने गणपतीला गावी जात. एक गाडीतून उतरला आणि दुसरा एसटीतून, की पहिल्या आरतीच्या आत वाडीत बातमी: परबांच्या चुली वेगळ्या झाल्या. आणि त्याही बंपरपायी! नंदूंच्या अंगाचा तिळपापड होत होता.

"दुकानात त्याचं पॉलिश मिळतं म्हणे," जानकी म्हणाली.

"दुकानात? गावच्या घाण्याचं खोबरेल घरात असताना? परबांकडे जे डोक्याला तेच बिजागरीला, आणि तेच बंपरला!"

त्यांनी बंपर साबणाने असा घासला, जणू राजेशचीच पाठ. पुसला, वाळवला. मग खोबरेल. फडकं पुरेसं रागीट वाटेना म्हणून तळहातानेच चोपडलं. आरशांची टोपणं, दारांच्या पट्ट्या, काही सोडलं नाही. प्लास्टिक असं काळंभोर उजळलं की गाभाऱ्यातली तेल प्यायलेली मूर्तीच. नंदूंचे हात नकळत जोडले गेले. मग कोणी पाहिलं की काय म्हणून त्यांनी चौफेर डोळे वटारले आणि भिंतीला धरून कसेबसे उठून ते जेवायला गेले.

शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडायला काढली होती. पावसाने उघडीप दिलेली बघून मजुरांनी नेमकी तेव्हाच एक आख्खी भिंत खाली घेतली.

नंदू हात पुसत बाहेर आले. धूळ सगळ्यांच्याच गाड्यांवर होती, पण ती फुंकरीने उडत होती. नंदूंच्या बंपरने ती पोटाशी धरली होती. पुसायला गेले तर पिठलं झालं.

"मुकादम!" ते कुंपणावरून ओरडले. "माझ्या गाडीला गिलावा करायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"काका, परमिशन है," पलीकडून उत्तर आलं.

त्या परमिशनवर नंदू जे बोलले ते ऐकून जानकीने खिडकी लावून घेतली. आणि नेमका तेव्हाच फाटकातून खांद्यावर बॅग टाकून राजेश आत आला.

"ये! बघ!" नंदू कडाडले. "आज भस्म नाय, चंदनाचा लेप आसा! हस! आणि जा तुझ्या एसटीने! वाडीत सांग, दादाची गाडी म्हणजे स्मशान! चूल काय, देवघरपण वेगळा कर!"

राजेशने बंपर बघितला. दादाचे तेलकट हात बघितले. हसला मात्र नाही.

"एसटीचा बुकिंग मी केलंयच नाय, दादा."

"मग फोनवर 'बघतंय' कशाक म्हणालंस रे, मेल्या?"

राजेशने बॅग खाली ठेवली. कान लाल झालेले. तो खिडकीजवळ गेला आणि काचेवर हळूच टकटक केली.

"वयनी," तो आवाज बारीक करून म्हणाला, "तुझी पुढची सीट माका देशीत? मागे बसल्यार घाटात माका मळमळता."