काचेतली चार बोटं जागा

तीस वर्षं गयासनं लोकांच्या बाथरूमना काचा बसवल्या. शहागंजातलं त्याचं दुकान सगळ्यांना ठाऊक, पण ही काच कुणाच्या हातची, असं आजवर एकाही भल्या माणसानं विचारलं नव्हतं. काच फुटली की मात्र गयास बरोबर आठवायचा. म्हणून पन्नाशीत त्यानं छोटी भट्टी घेतली. साच्यावर काच मऊ करून तिच्यावर डोंगर, वेली, लाटा उठवायला शिकला आणि मनाशी ठरवलं, आता जे करीन त्यावर माझं नाव असेल.

पहिलं मोठं काम मिळालं उस्मानपुऱ्यातल्या काकासाहेबांचं. त्यांच्या बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारात ही काच बसायची होती. गयासनं तिच्यावर खुलताबादचे डोंगर उठवायचे ठरवले. डोंगर जमले, नावापाशी घोडं अडलं.

आधी त्यानं तुकड्यांवर प्रयोग केले. मार्करनं लिहिलं, तर शाई खळग्यांत उतरली आणि उंचवटे कोरडेच राहिले. हिऱ्याच्या टोकानं कोरायला गेला, तर हात प्रत्येक उंचवट्यावर ठेचकाळला. मागच्या गुळगुळीत बाजूनं उलटी अक्षरं काढली, ती पुढून बघितली तर डोंगरात विरघळलेली. पितळी पट्टी चिकटवली, तेव्हा त्याची बायको जहांआरा म्हणाली, "दरवाजे की घंटी लगती जी." गयासचं डोकं पार चक्रावलं. एवढ्याशा नावाला जागा मिळू नये?

शेवटी त्यानं साच्यातच खालच्या उजव्या कोपऱ्यात चार बोटं जागा सपाट ठेवली. भट्टीतून काच निघाली तेव्हा सगळीकडे डोंगर आणि तिथं मात्र स्वच्छ, आरपार. नाव तिथंच.

काच बसवायच्या दिवशी काकासाहेबांनी सहा जणांना बोलावून ठेवलं होतं. "नाव सगळ्यांसमोर कोरायचं, गयासमियाँ. घरात कलावंताची वस्तू आहे, हे दिसू द्या लोकांना!" गयासचा ऊर भरून आला. काच दारात बसली, तसा आतून काकासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाईंचा आवाज आला, "ह्या काचेत तर दोनाचे पाच दिसत्यात! चहा किती टाकू?" काकासाहेब चिडले. स्वयंपाकघरातून पाहुणे मोजता येत नाहीत आणि कप कमी-जास्त येतात, हे त्या घरातलं रोजचंच रडगाणं होतं.

गयास काचेपुढे उकिडवा बसला, हिऱ्याचं टोक टेकवलं आणि दचकला. त्या चार बोटांच्या जागेत पलीकडून एक डोळा होता. तो डोळा बैठकभर फिरला आणि नाहीसा झाला.

थोड्या वेळानं चहा आला. गयास धरून आठ कप, बरोबर आठ. "आज कसं जमलं?" काकासाहेब हसले. द्वारकाबाई गयासला कप देताना हळूच म्हणाल्या, "भाऊ, तेवढी जागा राहू द्या. बाकी कुठंबी लिवा."

बाकी कुठं? बाकी सगळा डोंगर! इथं कोरलं की जागा पांढुरकी होणार, मग पलीकडचं काही दिसायचं नाही. तीस वर्षांनी मिळालेली जागा, तीही सोडायची? आणि का म्हणून? चहाच्या कपांसाठी? गयासला स्वतःचा राग आला, बाईंचाही आला, आणि तरी हात काही पुढे सरकेना.

"साहेब," तो म्हणाला, "तिथं कोरलं तर तडा जाईल." असं धडधडीत खोटं तो धंद्यात पहिल्यांदाच बोलला.

काकासाहेबांचा चेहरा पडला. पाहुण्यांतले तात्यासाहेब काचेवरून हात फिरवत म्हणाले, "छान आहे. पुण्याहून मागवली का?" गयास हत्यारं गोळा करून निघाला. चांगलं केलं की मूर्खपणा केला, हे त्याला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. जहांआरानं विचारलं, "नाम डाले?" तर त्यानं हत्यारं फळीवर ठेवून दिली. पुढचे कितीतरी दिवस त्यानं भट्टी पेटवली नाही.

तीन महिन्यांनी दार घासतंय म्हणून काकासाहेबांचा फोन आला. गयास गेला तेव्हा काकासाहेब अंघोळीला गेले होते, म्हणून तो बैठकीत एकटाच बसून राहिला. आतून द्वारकाबाई सुनेला सांगत होत्या, "अगं, कुणीतरी आलंय वाटतं. जरा गयासमधून बघ, किती जण हायेत."

गयासला आधी वाटलं, आपल्याला हाक मारली. तो अर्धवट उठलाही. मग त्यानं काचेकडे पाहिलं. खालच्या कोपऱ्यात एक तरुण डोळा आला होता.

"एकच माणूस हाय, आत्याबाई," सून म्हणाली. "कोण हाय, वळखू येईना. डोळं पुसतंय."