ऊर्जानाथांचं मडकं

कबनूर गावच्या मैदानात आज सत्संगाचा सातवा दिवस, आणि गर्दी पार रस्त्यावर आलेली. आरती संपली. ऊर्जानाथ महाराजांनी पितळी पट्ट्यांच्या पीठावरचं मडकं उचललं, त्यातल्या काळ्या भस्मात बल्बच्या दोन तारा खोचल्या आणि बल्ब लागला.

“मशीन थांबेल, भस्म थांबणार नाही. रोज चिमूटभर घ्या, हृदयाला थेट ब्रह्मांडाचा करंट,” महाराज म्हणाले.

पहिल्या रांगेत शेवंताबाई भस्म चाटत होत्या. त्यांच्या छातीतल्या पेसमेकरची बॅटरी संपत आलेली. तो बदलायची तारीख उद्याची, आणि बाईंनी दवाखान्यात जायला साफ नकार दिलेला. त्यांची भाची पूर्णिमा आत्याचे ते काळे ओठ किळसेनं बघत होती. ती विद्यापीठात उसाच्या चिपाडापासून वीज साठवणारा कार्बन बनवते. इथं आजारी बाईला राख चारत होते.

शेवंताबाईंचा मुलगा कृष्णात यंत्रमागाच्या मोटरी दुरुस्त करतो. मडक्यात सेल नाही अशी ग्वाही त्यानंच दिली होती, म्हणून गाव भाळलं.

“दादा, कशावरून म्हणालास?” पूर्णिमानं त्याला विचारलं.

“सात दिस डोळा ठेवलाय. सेल असता तर चार्जिंगला तास-दोन तास लागलं असतं की. मडकं मांडवाबाहेर गेलंच न्हाय.”

“आरतीला कुठं असतं?”

“पीठावर. दोन मिनिटं.”

“मोटरीचा वीज साठवणारा कंडेन्सर भरायला किती वेळ लागतो?”

“त्यो तर झटक्यात भरतो!” कृष्णात उठला. मग तडक पुढं गेला.

“म्हाराज, पुढच्या आरतीला मडकं माझ्या हातात ऱ्हाऊ दे.”

“पावणं, अविश्वासानं शक्ती कोपते.”

“कोपू दे,” म्हणत कृष्णातनं मडकं पालथं केलं. भस्माखाली खोटा तळ होता. त्यात दोन काळी नळकांडी, भस्मात वर आणलेल्या तारा, आणि बुडाला तांब्याचे दोन खिळे. ते खिळे पीठाच्या दोन सुट्या पट्ट्यांना टेकायचे, आणि तिथून कापडाखालून वायर थेट माईकच्या सेटकडं गेलेली.

“हा सुपरकपॅसिटर,” पूर्णिमा म्हणाली. “आतल्या कार्बनला इतकी बारीक छिद्रं असतात, की चमचाभर पुडीत अख्ख्या मैदानाएवढी जागा मावते. वीज त्या जागेवर चिकटून बसते, म्हणून हा झटक्यात भरतो. कारखान्यात बनतो. भस्म म्हणजे नुसती राख.”

महाराज मागच्या मागं पसार झाले. तरी एका गृहस्थानं सांडलेली राख रुमालात बांधलीच. “असू दे, प्रसाद हाय.” किळस नक्की कुणाची यावी?

शेवंताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “पूर्णिमा, माझं मशीन असं दोन मिनिटांत भरत न्हाय?”

“न्हाय आत्या. बदलावंच लागतं.”

“मग उद्या किती वाजता जायचं?”

बाईंना वेळेत कळलं. सगळ्यांनाच कळत नाही. म्हणून चमत्कार दाखवणाऱ्याला आधी एवढंच सांगा, की आत काय आहे ते उघडून दाखव. तो उघडत नसेल तर तिथून उठा, आणि त्याच्या शब्दावर दवाखाना तर मुळीच सोडू नका.