एका चाकाखाली जॅक

वामनराव मिस्त्रीच्या पोटात आठ दिवसांपासून दुखत होतं, आणि ते दुखणं औषधाने बरं होणारं नव्हतं. गॅरेजचा मालक रुपराव शेठ, त्याचा ट्रक पारशिवनीच्या जंगलातून लाकूड आणायचा. चिखलात एक मागचं चाक गरगर फिरायचं आणि दुसरं ढिम्म बसायचं. म्हणून शेठने कामठीच्या लष्करी लिलावातून आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल आणलं होतं; त्याने दोन्ही चाकं सोबत ओढतात. ते बसवायला शेठने गॅरेजातल्याच गोविंदाला सांगितलं. वर म्हणाला, दिवाळीपासून गॅरेजचा मोठा मिस्त्री गोविंदाच, वामनरावांनी आता आराम करावा.

गोविंदा माणूस चांगला होता, हेच वामनरावला जास्त झोंबत होतं. बारा वर्षं त्याच्याच हाताखाली शिकलेला. दोन दिवस तो एकेक नट वामनरावला विचारून बसवत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "याचं काही येगळं राहते का जी?"

वामनरावने लष्कराच्या वर्कशॉपात असली डझनभर उघडली होती. "लोखंडच आहे बाप्पा. काय येगळं राहीन?"

मग गोविंदाने नेहमीसारखा एकाच मागच्या चाकाखाली जॅक लावला. नागपुरातले सगळे मिस्त्री तेच करत. गिअर टाकला की उचललेलं चाक फिरतं, जमिनीवरचं गप्प उभं राहतं, आणि खाली निजून आवाज ऐकता येतो. या डिफरन्शियलमध्ये जमिनीवरचं चाक गप्प राहणार नव्हतं. वामनरावला ते पक्कं ठाऊक होतं. ट्रक जॅकवरून उतरेल, गोविंदा घाबरेल, शेठपुढे त्याची फजिती होईल, एवढंच. असं त्याने केबिनमध्ये बसताना मनाला बजावलं. मेल्या मनाला ते लगेच पटलं.

"सोडू का?"

"सोडा जी," गोविंदा खालून म्हणाला.

वामनरावने क्लच सोडला. पुढच्या चाकांना लावलेल्या विटा फुटल्या आणि ट्रक जॅकवरून खाली आला.

गोविंदाचे दोन्ही पाय गुडघ्यावरून कापावे लागले. चौथ्या दिवशी वामनराव दवाखान्यात गेला. उशाशी पंचफुला, गोविंदाची बायको, रडून रडून कोरडी झालेली, पायथ्याशी शेठ. हे झालं कसं, असं शेठने विचारलं.

वामनरावने गोविंदाच्या डोक्यावरून हात फिरवला. "म्या सांगतलं होतं बाप्पा, दोन्ही चाकं उचल. तू आयकलं नाही."

उस्तादाचा शब्द गोविंदाने बारा वर्षांत कधी खोटा मानला नव्हता.

"सांगतलं असन जी," तो म्हणाला. "माह्याच ध्यानात नाही राहिलं."