वजनावर आवळायचे बोल्ट

सुरुचीच्या विरारच्या सोसायटीत पार्किंगमध्ये गाडी खोलू देत नाहीत. म्हणून गेली सहा वर्षं गाडीचं काही निघालं की माझी लेक गिरीजला माझ्याकडे येते. वाडीतल्या केळीच्या शेडमध्ये गाडी लावते, आणि दोन दिवस घरात तिचा आवाज असतो. देवापुढे मी कधी मागितलं नाही. पण गाडीत काहीतरी खडखडतंय असं ती फोनवर म्हणाली की मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

गाडी लहान, बुटकी, फार पळणारी. या वेळी मागच्या चाकांचे बुश बदलायचे होते. बुश म्हणजे लोखंडी कड्यात बसवलेलं जाड रबर. धक्के ते खातं. जुनं रबर चिरलं होतं, वळणावर गाडीची शेपटी हलायची. सोमवारी हीच गाडी घेऊन ती कोइंबतूरला निघणार होती, तिथल्या रेसच्या ट्रॅकवर नोकरीला. कायमची.

नवे बुश आदल्या दिवसापासून माझ्या फ्रीजरमध्ये होते.

"थंडीने आकसतात आई, मग आत सहज जातात."

"नैवेद्याच्या दुधाशेजारी?"

"तीन पिशव्यांत गुंडाळलेत. तुझ्या देवाला ग्रीस लागणार नाही."

जुने बुश तिने लांब बोल्ट आणि पाइपचा तुकडा लावून ओढून काढले, नवे तसेच आत घेतले. कपाळ पुसत म्हणाली, "आता पाच-सात वर्षं बघायला नको." आनंदाने म्हणाली. मी ताट वाढून घ्यायला आत गेले.

मी दिवसातून एकदाच जेवते आणि जेवताना बोलत नाही. बोललं तर ताट सारायचं, मग दुसऱ्या दिवशीच. बावीस वर्षांचा नेम आहे. ताट घेऊन मी शेडसमोरच्या ओट्यावर बसले, तेवढीच ती दिसत राहील म्हणून.

गाडी अजून स्टँडवर होती, मागची चाकं काढलेलीच. सुरुची मानेत फोन धरून तिकडच्या घरमालकिणीला बाल्कनी पूर्वेला आहे का विचारत होती, आणि बोलता बोलता बुशांचे बोल्ट पुरते आवळत होती.

माझा हात थांबला. असं करत नाहीत. पुढचे बुश बदलले तेव्हा तिनेच मला सांगितलं होतं: गाडी चाकांवर उतरवायची, वजन आलं की मगच आवळायचं. अधांतरी आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं.

वर्षाच्या आत. म्हणजे पुढच्या दिवाळीआधी कधीतरी फोन येईल, आई, शेड रिकामी आहे का.

मला बोलायची मुभा नव्हती. कोणी दोष दिला नसता, तिनेसुद्धा. मी घास घेतला. आणखी एक घेतला. ते दोन घास माझ्या नावावर आहेत. मग डोळ्यांपुढे आलं, रबर फाटेल तेव्हा गाडी शेडमध्ये नसेल. ट्रॅकच्या वळणावर असेल, भरधाव, आणि आत ती.

"सुरू, ते वजनावर आवळायचे ना गं?"

तिने आधी बोल्टकडे पाहिलं, मग माझ्या ताटाकडे. फोन खाली ठेवला.

"आई, तू जेवत होतीस."

"झालं माझं."

"दोन घासांत?"

"झालं म्हटलं ना. आधी ते सैल कर."

तिने बोल्ट सैल केले, चाकं चढवली आणि खाली शिरता यावं म्हणून चाकांखाली लाकडी ठोकळे देऊन गाडी उतरवली.

"आता मागे बस. नुसतं वजन हवंय."

"माझं ते कितीसं?"

"उपासाचं आहे, पण चालेल. हलू नकोस मात्र."

मी मागच्या सीटवर बसले. हवा तेवढा जोर लागला की तिचा पाना टक करतो. ती टक सीटमधून माझ्या पाठीत आली.

"एक झाला," माझ्या पावलांखालून सुरुची म्हणाली.

"किती राहिलेत?"

"तीन. का, घाई आहे?"

"नाही," मी म्हणाले. "सावकाश कर."