‘गेट’ म्हणजे काय?

जानेवारीतलं धुकं त्या दिवशी दहा वाजेपर्यंत विरलंच नाही. क्रेनची नुसती टोकं दिसत होती, जणू दुबईची जमीनच नाहीशी होऊन वर फक्त लोखंड तरंगत राहिलं होतं. साइटवरच्या केबिनमध्ये तनया त्या पांढऱ्या पसाऱ्याकडे बघत बसली होती. दुबईच्याच अल मनखूल भागात लहानाची मोठी झालेली ही मुलगी आता एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होती. तिच्यापुढे एक कागद होता. केरू नावाच्या कामगाराला कामावरून काढून गावी परत पाठवायचं होतं. कारण एका ओळीचं : ‘सूचना देऊनही धोक्याच्या जागी धावला.’

“साइन कर दो, खलास,” मॅनेजर अर्सलानसाहेब म्हणाले. “फोरमन ने साफ बोला था. ये उलटा भागा.”

आपणही अशा सह्या करतोच की! माणूस दिसत नाही, कागद दिसतो. तनयानेही केली असती. पण ‘कामगाराचं म्हणणं’ हा रकाना कोरा होता. तो भरायला म्हणून ती मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पवर गेली.

कॅम्पच्या छोट्या दवाखान्यात केरू पडून होता. चाळिशीचा, संगमनेरकडचा माणूस. खांद्याचं हाड मोडलेलं. औषधाच्या गुंगीत त्याचे डोळे मिटत होते, उघडत होते. धुकं विरून खिडकीतून ऊन त्याच्या चादरीवर उतरलं होतं. उशाशी तनयाच्या जुन्या ओळखीची, दापोलीकडची नर्स झुबेदा उभी होती.

“सळ्यांची मोळी वर क्रेनला झोके घेत व्हती, म्याडम,” केरू हळूहळू, स्वप्नातलं सांगावं तसं बोलत होता. “फोरमन वरडला, ‘गेट बॅक! गेट बॅक!’ मंग मी पळालो.”

“पण मागे का नाही सरकलात?”

“मागंच तर गेलो! मागच्या गेटाकडं. ते गेटच म्हनले ना?”

आणि मोळी नेमकी मागच्या गेटापाशीच खाली आली होती.

तनयाला क्षणभर हसू आलं. “अहो, ते गेट नव्हे. हे गेट म्हणजे...” ती अडखळली. म्हणजे काय? मिळणं? पण इथे मिळण्याचा काय संबंध! गेट अप म्हणजे ऊठ. गेट इन म्हणजे आत चढ. गेट आउट म्हणजे चालता हो. गेट वेल म्हणजे बरा हो. गेट मॅरिड म्हणजे लग्न कर. जन्मभर तोंडात असलेला तो एवढासा शब्द, हातात धरायला गेलं की दरवेळी निराळाच होऊन निसटत होता. ती बोलत राहिली, केरू अर्धवट मिटल्या डोळ्यांनी ऐकत राहिला.

“एका शब्दात येवढं?” तो पुटपुटला. “आमाला एकच गेट ठावं. कंपनीचं.” आणि त्याला झोप लागली.

“मी ट्रेनिंग दिलं होतं गं, झुबेदाताई,” तनया बाहेर आल्यावर म्हणाली. “दरवेळी शेवटी विचारते, ‘गॉट इट?’ सगळे ‘येस मॅडम’ म्हणतात.”

“आणि ‘गॉट’ म्हणजे काय?” झुबेदाने शांतपणे विचारलं. “त्याच शब्दाचं दुसरं रूप ना? म्हणजे जो शब्द त्यांना कळत नाही, त्याच शब्दाने तू विचारतेस, कळलं का! तुला तो कोणी शिकवला नाही, शाळेत खेळता खेळता आला. यांना कोण सांगणार? आणि ‘नाही कळलं’ म्हणायला माणसाला धीर लागतो, तनया. इथे परक्या मुलखात, साहेबासमोर, पन्नास जणांत कोण म्हणेल?”

 तनयाला ते पन्नास चेहरे दिसू लागले. हसरे, थकलेले, मान हलवणारे. अरे देवा! कोणालाच काही कळलं नव्हतं!

ऑफिसात परतल्यावर तिने सही केली नाही. नवा अहवाल लिहिला : ‘कामगाराने ऐकलं तसंच केलं. त्याला समजेल अशा भाषेत सूचना शिकवली गेली नव्हती. ती जबाबदारी माझी.’

अर्सलानसाहेबांनी तो दोनदा वाचला. “तुम्हारा रेकॉर्ड खराब होगा.”

“होने दीजिए, सर. आदमी तो बचेगा.”

आठवडाभराने केरूला काढण्याचा हुकूम रद्द झाला. तनयाला मात्र लेखी ताकीद मिळाली. ती तिने सही करून घेतली.

पुढच्या ट्रेनिंगला तिने एकेकाला पुढे बोलावलं. “इंग्लिश सूचना ऐका, तुमच्या बोलीत सांगा आणि करून दाखवा.” ‘गेट बॅक!’ म्हटल्यावर कोणी भोजपुरीत ओरडलं, कोणी तमिळमध्ये, कोणी नेपाळीत, सगळे हसत हसत एकदम मागे सरकले. मग मागच्या रांगेतून, हात झोळीत अडकवलेला केरू म्हणाला, “म्याडम, ‘गेट ओव्हर’ मला न्हाई कळलं.”

कोणी हसलं नाही. लगेच आणखी तीन हात वर झाले.

बंधुभगिनींनो, मान हलली म्हणजे समजलं असं नव्हे. आपल्याला येणारी भाषा दुसऱ्याला येत नसेल, तर त्याला कमी लेखू नका. त्याला कळेपर्यंत सांगणं हे आपलं काम आहे. आणि ज्या ठिकाणी माणूस न लाजता ‘नाही कळलं’ म्हणू शकतो, तीच जागा खरी सुरक्षित!