ज्वारी लपवण्याचा दिवस

पाहुणे येणार म्हटलं की प्रत्येक घरात काहीतरी लपवलं जातं. कुणी फाटकी गादी लपवतं, कुणी मोठ्यानं बोलणारा काका लपवतं. गदारिफ शहराच्या बाजूला, नजर पोहोचेल तिथवर ज्वारीच उभी असते अशा त्या मुलखात, हमदान नावाच्या शेतकऱ्यानं एकदा ज्वारी लपवायला काढली.

कारण गंभीर होतं. त्याच्या मुलीला, इख्लासला, बघायला वद मदनी शहरातून माणसं यायची होती. मुलगा मुअतसिम विजेच्या कचेरीत होता. गावात खांब रोवायला आला असताना त्याची आणि इख्लासची विहिरीपाशी नजरानजर झाली आणि एक खांब वाकडा बसला. गाव अजून तो खांब पाहुण्यांना दाखवतं. इख्लासला हे स्थळ हवं होतं. तिनं तसं म्हटलं नव्हतं, पण हल्ली ती घरातला दिवा उगाचच पुसत बसायची, त्यावरून आईला कळलं.

हमदानलाही स्थळ हवं होतं. म्हणून तर त्यानं मध्यस्थाबरोबर निरोप धाडला होता, "आमची पोर गव्हाच्या पावावर वाढली. किसऱ्याच्या तव्याला तिनं हातसुद्धा लावलेला नाही." किसरा म्हणजे ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची कागदासारखी पातळ भाकरी. हमदान स्वतः ती रोज दोन वेळा खायचा आणि तिसऱ्यांदा मागायचा. पण मागच्या वर्षी शहरात एका व्यापाऱ्याकडे तो जेवला होता. व्यापारी म्हणाला होता, "ज्वारी? ती आम्ही कोंबड्यांना घालतो." ते हमदानच्या मनाला लागलं. त्या कोंबड्या व्यापाऱ्यापेक्षा तुकतुकीत होत्या, हे मात्र त्यानं पाहिलं नाही.

"आज घरात ज्वारी दिसता कामा नये," त्यानं सकाळीच बायकोला सांगितलं.

"कुठली ज्वारी?" बतूलनं विचारलं.

"सगळी."

बतूलनं अंगणभर नजर फिरवली. "इख्लासचे बाबा, तुम्ही ज्या कुंपणाला टेकलाय ना, ते कडब्याचं आहे."

हमदान कुंपणापासून दूर झाला आणि पाहुण्यांच्या खोलीच्या सावलीत गेला. तिचं छप्परही कडब्याचंच होतं. समोर शेळी कडबा खात होती. बाजेवर त्याचा थोरला भाऊ दफअल्ला ज्वारीचं गोड धाट सोलून उसासारखं चघळत बसला होता.

"मलाही लपव," दफअल्ला म्हणाला. "पोटात सकाळची आंबील आहे. ढेकर आला तर तुझं नाक कापलं जायचं."

शेवटी आंबवलेल्या पिठाचा रांजण दफअल्लाच्या घरी गेला. तवा शेळ्यांच्या गोठ्यात गेला. कुंपणावर चादरी टाकल्या, त्यामुळे घर धोब्याचं दिसू लागलं. घरामागचं शेत तेवढं राहिलं. पीक डोक्याएवढं उंच होतं आणि कणसं नुकती दुधात भरली होती.

"शेत शेजाऱ्याचं आहे म्हणून सांगू," हमदान म्हणाला.

"शेजारी मीच आहे," दफअल्ला म्हणाला.

"तर मग तुझं."

"अल्ला तुझं भलं करो. सकाळपासून काहीच मिळालं नव्हतं."

"हसा. पुढच्या हंगामापासून सगळीकडे तीळ लावणार आहे मी. ज्वारीचं नाव नको."

दुपारी पाहुणे आले. मुलाची आई सित्तना, हज करून आलेली म्हणून सगळ्यांची हाज्जा, आणि तिचा भाऊ, जो दिवसभरात "मा शा अल्ला" एवढंच बोलला. हाज्जा वयानं इतकी मोठी होती की पुरुषांच्या ताटाला बसली तरी कुणाला काही वाटेना. ताटात मटण होतं, सुक्या भेंडीचं कालवण होतं, आणि मधोमध गदारिफहून लॉरीतून, कांद्याच्या पोत्यांवर बसून आलेले पाव होते. पावांना प्रवास मानवला नव्हता.

हाज्जानं पाव मोडला. तो मोडल्याचा आवाज झाला.

"शहरातला आहे, हाज्जा," हमदान अभिमानानं म्हणाला. "यंत्राचा."

"कळलं," हाज्जा म्हणाली. तिनं तुकडा कालवणात बुडवला. भेंडी पावाला धरेना, ओघळून ताटात परतली. "हे कालवण तर किसऱ्याचं आहे. किसरा कुठंय?"

"आमच्याकडे ज्वारी खात नाहीत."

"मुलीला करता येतो ना?"

"छे, छे. तव्याला हातच लावू दिला नाही मी. तुमच्या घरी शोभली पाहिजे ना ती."

"आणि मागं ते एवढं मोठं शेत?"

"भावाचं आहे."

"आजच झालंय," दफअल्ला म्हणाला.

हाज्जानं हात धुतले आणि अंगभर गुंडाळलेला तोब खांद्यावर सारखा केला. "हमदान, आम्ही निघतो."

दाराशी इख्लास कॉफीचं तबक घेऊन उभी होती.

"काही चुकलं का, हाज्जा?" हमदान उठून उभा राहिला.

"मुलीला किसरा येत नाही, म्हणून माझं काही अडलेलं नाही. माझा मुअतसिम स्वतः अंडं उकडतो, करपवतो आणि खातो. पण ज्या माणसाला स्वतःच्या शेताची लाज वाटते, त्याच्याशी सोयरीक करायची मला भीती वाटते." हाज्जा सावकाश बोलत होती, त्यामुळे मध्येच काही म्हणायची सोय नव्हती. "मी कोण आहे, माहीत आहे? मी दिंदिर नदीच्या काठची. कडब्याच्या झोपडीत जन्मले. आईचं दूध पुरेना, तेव्हा ज्वारीच्या पेजेवर वाढले. आज तू पाहुण्यांपासून ज्वारी लपवलीस. उद्या तुझ्या मुलीकडे कुणी साहेब जेवायला आले, तर ती मला कुठल्या खोलीत लपवील?"

"मी नाही लपवणार," इख्लास दारातून म्हणाली. तबक तिनं खाली ठेवलं होतं. "आणि किसरा मी करते, हाज्जा. आठ वर्षांची होते तेव्हापासून. बाबांनाच माझ्या हातचा लागतो."

हाज्जाच्या भावानं मा शा अल्ला म्हणायचं टाळलं.

हमदाननं मुलीकडे पाहिलं. पोर रडत नव्हती, पण डोळे उंच कुठेतरी छपराला लावून उभी होती, तशी माणसं रडू आवरतानाच उभी राहतात. आपण तिच्यासाठी जे जे केलं, त्यानंच तिचं लग्न मोडत होतं, हे त्याला तेव्हा कळलं. तो तडक बाहेर गेला.

आमच्याकडे पुरुष तव्याला हात लावत नाही. तो दिसला तर वळसा घालतो. हमदान गोठ्यातून परतला तेव्हा नव्या पांढऱ्या पागोट्यावर काळाकुट्ट तवा होता, बगलेत सरपण होतं, आणि चादरी ओढून काढलेल्या कुंपणापलीकडून निम्मं गाव बघत होतं. दफअल्ला थट्टा सोडून वाटेतून बाजूला झाला. हा प्रसंग गावात पहिलाच.

"मी खोटं बोललो, हाज्जा," हमदान म्हणाला. काजळी त्याच्या कपाळावर उतरली होती. "शेत माझं आहे. किसरा हिचा आहे. लाज माझी होती. तिच्या पदरात ती टाकू नका."

हाज्जा पुन्हा बसली. "पिठाचा रांजण कुठंय?" एवढंच तिनं विचारलं.

रांजण दफअल्लाच्या घरून परत आला. इख्लासनं तवा तापवला, खजुरीच्या झापाच्या पात्यानं पीठ पसरलं आणि पहिला किसरा उचलला. हाज्जानं तो उन्हाकडे धरून पाहिला. "कडेला जरा जाड आहे," ती म्हणाली आणि अख्खा खाल्ला. पाचवा खाताना म्हणाली, "माझी सून असती तर मी ते कडेचं बोलले नसते. मुलगी आहे म्हणून बोलले."

बतूलनं चुलीकडे तोंड वळवलं आणि तिचे खांदे हलू लागले. धूर फार होता, असं ती नंतर म्हणाली.

संध्याकाळी सगळे शेतात गेले. कणसं भाजून चोळली, गरम हुरडा तळहातावरून तळहातावर गेला.

"पुढच्या वर्षी तीळ लावणार म्हणतो हा," दफअल्लानं चहाडी केली.

"लाव की. चार सरी लाव," हाज्जा म्हणाली. "पण तिळाचं छप्पर शाकारता येतं का? तिळाच्या काडीवर शेळी दूध देते का? रमजानात उपास सोडायला ज्वारीच्या मोडांचं सरबत लागतं, ते तिळाचं करशील? आणि पावसानं दडी मारली तर तीळ आधी मान टाकतो. ही आपली तशीच उभी असते, पाऊस येईपर्यंत वाट बघत. अशी सोशीक सून मिळाली तर लोक गावभर सांगतात. पीक मिळालं तर चादरीनं झाकतात."

हमदान खाली बघत हुरडा निवडत राहिला. मग म्हणाला, "चार नाही, दोनच सरी तीळ. पोळीवर भुरभुरायला." उभ्या ज्वारीतच सर्वांनी हात पसरून फातिहा म्हटली आणि सोयरीक पक्की झाली.

नागरिकहो, आपल्या मातीत जे पिकतं, आपल्याला पोसतं, आपल्या गुरांना जगवतं आणि डोक्यावर छप्पर धरतं, त्याला गरिबांचं अन्न म्हणून हिणवणारा माणूस स्वतःलाच हिणवत असतो. पाहुण्यासमोर घरचं तेच ठेवावं, चांगलं करून ठेवावं, आणि मान ताठ ठेवून वाढावं. लाज वाटून घ्यायचीच हौस असेल, तर ती खोटं बोलण्याची वाटून घ्यावी. ज्वारीनं कुणाचं काय वाकडं केलंय?