नकाशातली दलदल

ताबिश नागपूरवरून आला त्याच दिवशी मी मनात म्हणलं, या पोराचं काही खरं नाई. लय गोड बोले. आपा, आपा करे अन् इकडं माह्या कॉम्प्युटरच्या वायरी काढे. चंद्रपूरच्या आमच्या नकाशा-ऑफिसात नकाशे काढाच्या जुन्या डॉसवाल्या ऑटोकॅडमधले मेनू अन् स्क्रिप्टा नव्या विंडोजवाल्यात बसवाले साहेबानं त्याले बोलावलं होतं.

ते मेनू म्हणजे कोलूभाऊची मेहनत. कोलूभाऊ एटापल्लीकडचा, जंगलातल्या गावचा, माह्या बाजूच्या टेबलावर बसे. नाला, पायवाट, मोहाचं झाड, बटन दाबलं का निशाणी हजर. त्यातली एक निशाणी फक्त आमा दोघाईले समजे. ती होती पेनठाणा, त्याच्या गावच्या देवाची जागा. बाहेरच्याले ती जागा सांगू नाई अशी त्याईची रीत. मले मात्र त्यानं सांगितली होती, अन् खोटं काऊन बोलू, मले त्याचा लय गर्व होता.

त्या निशाणीले त्यानं एक स्क्रिप्ट जोडली होती. रस्त्याची रेघ पेनठाण्यावर गेली का मशीन ओरडे. मग मी रस्त्याच्या इंजिनियराले म्हणो, साहेब, इथी उतार लय हाय, जरा बाजूनं घ्या. तो बिचारा बाजूनं घेई.

आता त्याच गावाचा रस्ता मंजूर झाला होता, अन् रेघ नव्या मशीनवर पडणार होती. निशाणी आली नाई तं कोलूभाऊचा देव रोलरखाली जाणार होता. म्हणून मी ताबिशवर डोळा ठेवला. तो दुपारी रस्त्याच्या ठेकेदाराच्या जीपमधी बसून जेवाले जाय, हे बी मी पाह्यलं.

नव्या मशीनवरची पयली शीट निघाली अन् पाहते तं काय, पेनठाणा गायब. त्या जागी दलदलीची निशाणी. माहं डोस्कं सटकलं. साहेब तिथीच उभे होते, रस्त्याचा इंजिनियर बी होता, पण मले कशाचं भान राह्यलं नाई. शीटवर बोट आपटून मी ताबिशले म्हणलं,

"इथी देवाची जागा होती. ती मिटवून दलदल काऊन टाकली? ठेकेदारानं सांगितलं का तुले?"

ताबिशचा चेहरा उतरला. जीपचा डायवर त्याचा सख्खा मामा होता म्हणे. ताबिशनं कोलूभाऊनं देल्लेली फ्लॉपी लावली अन् एकेक निशाणी उघडून दाखवली. पेनठाणा त्यात नव्हताच. ती स्क्रिप्ट बी नव्हती.

मी मागं पाह्यलं. कोलूभाऊ खुर्चीवरून उठून बाहेर गेला होता. पायऱ्यांवर गाठून मी त्याले विचारलं, तं तो सांगे, मशीन आपल्या दोघाईच्या खोलीत होती तवर ठीक होतं. आता समद्या निशाण्याईची सीडी बनून नागपूरले जाईन, तिथून कुठी जाईन कोणाले मालूम. म्हणून निशाणी त्यानंच काढली अन् दलदल टाकली. दलदलीतून रस्ता कोणी नेत नाई.

मी म्हणलं, मले तरी सांगाचं होतं. मले खरंच रडू येऊन राह्यलं होतं.

"देवाची जागा तुमालेच तं सांगितली होती, बाई," तो म्हणाला. "तुमालेच."

तेवढ्यात इंजिनियर शीटची गुंडाळी बगलेत घेऊन बाहेर आला. दलदल हाय का देवाची जागा हाय, हे एकदा जाऊन पाहू म्हणे. जीप काढाले सांगून त्यानं कोलूभाऊले विचारलं, तू त्याच भागातला ना, जागा दाखवशीन का?

"मले मालूम नाई, साहेब," कोलूभाऊ म्हणाला. "बाईले विचारा."

इंजिनियरानं ती शीट जीपच्या बोनेटवर पसरली अन् माह्याकडं पाह्यलं.